लाल भिंतीचं अस्तर

आमच्या विहीणबाई सांगलीहून आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर दोन बॅगा आल्या, भडंगाचा मोठा डबा आला आणि दोन महिने राहायचा बेतही आला. बेताचं मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. डबा मात्र दारातच उघडला गेला.

मी तुंगा, वय चौसष्ट. आमच्या घराण्याला म्हैसुरात येऊन किती पिढ्या झाल्या ते मला मोजता येत नाही, पण घरात आम्ही मराठीच बोलतो. निदान आम्हाला ती मराठी वाटते. सून वल्लरी सांगलीची. नोकरीसाठी इथे आली, माझ्या शशांकच्या शेजारच्या टेबलावर बसली आणि मग आमच्याच घरात आली. तिची मराठी अगदी छापील. तिचं-माझं बरं जमतं, कारण ती सकाळी आठला जाते आणि संध्याकाळी सातला येते.

आणि अन्विता. माझी नात, नऊ वर्षांची. दोन वर्षांची असल्यापासून ती माझ्या खोलीत माझ्या शेजारी झोपते. तिची वेणी मी घालते, डबा मी भरते, शाळेच्या बसपाशी मी उभी असते. तिरुमलराव, म्हणजे आमचे हे, गेले तेव्हा मी दोन महिने कुणाशी धड बोलत नव्हते. ही चार वर्षांची पोर रोज माझ्या मांडीवर चढून बसायची आणि मला हात धरून गच्चीत न्यायची. तेव्हा सरळच सांगून टाकते. या घरात माझं म्हणावं असं एकच माणूस आहे, आणि पुढचा सगळा उपद्व्याप मी तिच्यापायीच केला.

विहीणबाईंचं नाव तारा. बासष्टच्या, हायस्कुलात बत्तीस वर्षं चित्रकला शिकवलेल्या. केस पांढरेशुभ्र, रंगवत नाहीत आणि तरी छान दिसतात. माझा पहिला राग त्या केसांवर होता. दुसरा भडंगावर. दर शनिवारी मी पोरीसाठी कोडबळी, म्हणजे इथली कडबोळी, तळते. त्या शनिवारी ती मूठभर भडंग तोंडात कोंबून म्हणाली, "अज्जी, कोडबळी नंतर." नंतर म्हणजे कधी, ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मंगळवारी ती कोडबळी मऊ पडली, तेव्हा मी एकटीने ती खाल्ली.

तिसऱ्या दिवशी ताराताईंनी तिला दोन वर्तुळांतून हत्ती काढायला शिकवला. हत्ती! म्हैसूरच्या पोरीला सांगलीच्या बाईने हत्ती शिकवावा. फ्रिजवर हत्ती, पंचांगाखाली हत्ती, माझ्या बीपीच्या गोळ्यांच्या पाकिटावरसुद्धा हत्ती. आणि एक दिवस जेवताना मी भाताला "साकु, साकु" म्हणाले, तर पोर मला म्हणते, "साकु नाही अज्जी, पुरे म्हणायचं. आजी म्हणते."

मी अज्जी आणि त्या आजी. नऊ वर्षं ती माझ्याकडून साकु शिकली आणि नऊ दिवसांत तिला ते चुकीचं वाटायला लागलं. सगळे हसले. मीही हसले. नाकाला मिरच्या झोंबल्या असताना हसायला काय लागतं, ते हसून बघितलेल्यालाच कळेल.

आता भिंतीकडे येते.

ह्यांची लिहिण्या-वाचण्याची खोली पाच वर्षं बंदच होती. ती अन्विताला द्यायची असं शशांकने ठरवलं. मुलगी मोठी झाली, तिला स्वतःची खोली हवी. म्हणजे माझ्या शेजारचं अंथरूण उचललं जाणार. मी म्हटलं, "बरं." दुसरं काय म्हणणार? नवरात्राच्या आधी रंग उरकायचा होता, कारण नवरात्रात आमच्याकडे बाहुल्या मांडतात. पायऱ्या रचायच्या, पांढरं कापड घालायचं, सगळ्यांत वर लाकडी राजा आणि राणी. ही राजा-राणीची जोडी मला माझ्या आईने लग्नात दिली. इथे मुलीला देतातच. दरवर्षी हॉलमध्ये मी आणि अन्विता मिळून मांडतो, नऊ दिवस शेजारची बायकामुलं बघायला येतात, आम्ही त्यांच्या हातावर खाऊ ठेवतो.

एका संध्याकाळी पोर म्हणाली, "अज्जी, यंदा बाहुल्या माझ्या खोलीत मांडायच्या. आजी मला मदत करणार आहे."

"आणि मी?" हे मी मनात म्हटलं.

ताराताईंनी रंगाचं कार्ड हातात घेतलं, चष्मा नाकावर सरकवला आणि म्हणाल्या, "तुंगाताई, तुमच्या राजा-राणीच्या कपड्यांना सोनेरी जर आहे ना, तिच्यामागे गडद लाल भिंत हवी. तीन भिंती फिक्या ठेवू, एकच लाल. बघा कशी उठून दिसेल ती जर."

वाईट काय होतं, तर त्यांचं म्हणणं बरोबर होतं. चाळीस वर्षं मी ती जोडी पिस्त्याच्या रंगाच्या भिंतीपुढे मांडत होते आणि मला हे सुचलं नव्हतं. अन्विताने टाळ्या पिटल्या. वल्लरी म्हणाली, "आई, खोलीचं सगळं तूच बघ. तुझ्याइतकं रंगांतलं कुणाला कळतंय?"

कुणाला कळतंय! अगं, तुझे सासरे एकतीस वर्षं रंगाच्या कारखान्यात होते. तिथल्या प्रयोगशाळेत रोज पुठ्ठ्यांवर रंगाचे पट्टे ओढून बघायचे. जेवताना, झोपताना, देवळातून येताना आमच्याकडे रंगाशिवाय विषय नसायचा. हे एकच वाक्य त्यांनी मला हजार वेळा ऐकवलं असेल, "तुंगा, लोक रंग बघतात, भिंत अस्तर बघते." अस्तर म्हणजे प्रायमर, रंगाच्या आधी मारायचा पहिला हात. फिक्या रंगाखाली पांढरं अस्तर. पण गडद लाल असेल तर त्याखाली राखाडीच लागतं. लाल रंग दिसायला तालेवार, पण अंगाने विरळ असतो. पांढऱ्यावर मारला की खालचं पांढरं डोकावतं, लाल गुलाबट होतो, पट्टे दिसतात, चार हात मारले तरी भरत नाही. राखाडीवर दोन हातांत गप्प बसतो.

त्यांच्या त्या पुठ्ठ्यांचा एक बिस्किटाचा डबा अजून माझ्या कपाटात आहे. अर्धा पुठ्ठा पांढरा, अर्धा राखाडी आणि दोन्हींवरून ओढलेला एकच लाल पट्टा. गेल्या उन्हाळ्यात मी अन्विताला तो डबा उघडून दाखवला होता. अज्जा काय काम करायचे ते तिला कळावं म्हणून.

ताराताई म्हणाल्या, "अस्तर पांढरंच घ्यायचं. रंग पांढऱ्यावरच खुलतो. मी पोरांना हेच सांगत आले, आधी कागद स्वच्छ पांढरा हवा."

कागदाचं ते खरं असेल. भिंत म्हणजे कागद नव्हे. हे एवढं वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. पण समोर अन्विता त्यांच्या खुर्चीच्या हातावर बसलेली, त्यांच्या खांद्यावर कोपर टेकवून. माझ्या खांद्यावर ती तसंच कोपर टेकवायची. मी वाक्य गिळलं. चुकू दे की एकदा, असं वाटलं. बत्तीस वर्षांच्या मास्तरीणबाई पोरीला एकदा चुकताना दिसू देत.

इथवर मी नुसती गप्प होते. गप्प राहिल्याचं पाप किती, यावर वाद घालता येईल. पुढे मी जे केलं त्यावर वाद नाही.

सोमवारी सकाळी पेंटर आला. सिद्दराजू, बन्नूरचा. पहिल्या बसने येतो आणि आल्याआल्या कॉफी मागतो. हे असल्यापासून आमच्या घराला त्याचाच हात लागतो. कन्नडशिवाय त्याला काही येत नाही आणि ताराताईंना कन्नड ओ की ठो कळत नाही. शशांक, वल्लरी ऑफिसात गेलेले. शाळेला सुट्टी होती, म्हणून अन्विता खिडकीत बसून हत्ती काढत होती.

सिद्दराजूने खोली बघितली, घरात आणून ठेवलेला पांढऱ्या प्रायमरचा डबा बघितला, लाल रंगाचा डबा बघितला आणि मान हलवली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "अम्मा, केंपिगे बिळी आगल्ला. बूदु बण्ण हाकबेकु." लालाखाली पांढरं चालणार नाही, राखाडी मारायला हवं. शिवाय हेही म्हणाला, की साहेब असते तर हा डबा त्यांनी दारातूनच परत धाडला असता.

ताराताईंनी माझ्याकडे बघितलं. "काय म्हणतोय तो?"

त्या अगदी विश्वासाने विचारत होत्या. बाजारात भाजीवाली काही बोलली, रिक्षावाला काही बोलला, शेजारची यशस्विनी काही बोलली, की त्या अशाच माझ्याकडे बघायच्या आणि मी सांगायचे.

मी म्हटलं, "विचारतोय, आजच सुरू करू का म्हणून."

"हो, करू दे की," त्या म्हणाल्या.

मी सिद्दराजूला कन्नडमध्ये सांगितलं, की त्या बाई चित्रकलेच्या शिक्षिका आहेत, त्यांनी पांढरंच सांगितलंय, तेच मार. त्याने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "आग्ली अम्मा," होऊ दे तसं, म्हणाला आणि डबा उघडायला बसला. मी स्वयंपाकघरात जाऊन त्याची कॉफी केली.  बऱ्याच दिवसांनी मी गुणगुणत होते.

खिडकीत बसलेल्या पोरीचा मी विचारच केला नाही.

पांढरं अस्तर सुकलं. बुधवारी लालाचा पहिला हात बसला. भिंत अशी दिसायला लागली, की कुणी जखम पुसून कापूस तिथेच टाकावा. ताराताई म्हणाल्या, "दुसऱ्या हाताला भरेल." गुरुवारी दुसरा हात मारला. रोलरचे उभे पट्टे दिसायला लागले, आणि जिथे पुट्टी भरली होती तिथे गुलाबी ढग. तिसऱ्या हातानंतर लाल रंगाचा डबा संपला, पण ढग संपले नाहीत. ताराताई दिवसातून दहा वेळा त्या खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहायच्या. चष्मा काढायच्या, पुसायच्या, पुन्हा घालायच्या. मी हॉलमध्ये शेंगा सोलत बसायचे आणि त्यांच्या चपलांचा आवाज मोजायचे. मला आनंद होत होता. लपवून काय करू? चांगला गुळासारखा आनंद होत होता.

शुक्रवारी संध्याकाळी वल्लरी घरी आली, पर्स खांद्यावर तशीच ठेवून खोलीत डोकावली आणि बाहेर येऊन आपल्या आईला म्हणाली, "आई, हे काय करून ठेवलंयस? तुला भिंतीचं माहीत नव्हतं तर पेंटरला विचारायचं ना! सारखं आपलंच खरं करायची सवय. शाळेत पोरं ऐकायची, इथे कशाला?"

"वल्लरी," शशांक म्हणाला.

"नाही रे, बरोबर आहे तिचं," ताराताई म्हणाल्या. "चूक माझीच. तो माणूस इतका जुना, मी त्याला विचारायला हवं होतं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुंगाताई, तुमच्या राजा-राणीची जागा मी बिघडवली हो. माफ करा."

मी म्हटलं, "असू दे हो. होतं असं." किती मोठ्या मनाची बाई मी!

रात्रीच्या जेवणात त्यांनी भात घेतला नाही. वल्लरीने अन्विताला विचारलं, "अनू, तू इथेच होतीस ना त्या दिवशी? पेंटर काही बोलला होता का गं आजीला?" पोरीने ताटातून मान वर केली नाही. "नाही," म्हणाली. मला वाटलं, तिचं लक्षच नसेल. गेले काही दिवस ती ताराताईंकडे झोपायला जात होती, त्या रात्री मात्र माझ्याकडे आली. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मनात म्हटलं, आलीस ना परत?

सकाळी शशांकने सांगितलं, की ताराताई परत जायचं म्हणताहेत, नवरात्राच्या आधीच. मंगळवारचं तिकीट बघ म्हणाल्या. मी म्हटलं, "इतक्यात? अय्यो!" आणि कोडबळ्यांचं पीठ भिजवायला घेतलं, कारण शनिवार होता.

दुपारी ताराताई आडव्या झाल्या होत्या. मी तेल तापत ठेवलं होतं. अन्विता स्वयंपाकघरात आली ती बिस्किटाचा डबा घेऊन. डबा तिने ओट्यावर ठेवला, झाकण काढलं, एक पुठ्ठा शोधून माझ्यासमोर धरला. अर्धा पांढरा, अर्धा राखाडी, वरून लाल पट्टा. पांढऱ्या बाजूवरचा लाल रंग आतल्या भिंतीसारखाच दिसत होता, अगदी तस्साच.

"अज्जी, सिद्दराजू अंकल बूदु बण्ण म्हणाला होता."

मी गॅस बारीक केला. "कधी?"

"सोमवारी. आणि तू आजीला सांगितलंस, की आजच सुरू करू का विचारतोय."

"तुला नीट ऐकू आलं नसेल, मरी." तिला मी मरीच म्हणते, इथे लाडक्या लेकराला म्हणतात तसं.

 "मला कन्नड येतं अज्जी. तूच शिकवलंस."

 तेल कडकडायला लागलं होतं. मी गॅस बंदच केला. मग वेड्यासारखं तिलाच विचारलं, "ऐकलं होतंस तर तेव्हाच का नाही बोललीस?"

"मला वाटलं, तू नंतर सांगशील. तू विसरली असशील. मी प्रायमर मारेपर्यंत वाट बघितली. मग लाल मारेपर्यंत बघितली." तिचा आवाज बारीक झाला. "काल आईने विचारलं तेव्हा मी नाही म्हटलं. आई तुला रागावली असती म्हणून. नंतर तिने परत विचारलं, बाथरूमपाशी. तेव्हा मी देवाची शपथ घेतली."

मी खाली पाटावर बसले. 

नऊ वर्षं मी या पोरीला तोंडातला घास काढून भरवला. खोटं बोलू नये, कुणाची वस्तू घेऊ नये, पाय धुऊन घरात यावं, सगळं शिकवलं. आणि तिने तिची पहिली खोटी शपथ घेतली ती माझ्यासाठी. आदल्या रात्री ती माझ्याजवळ झोपायला आली, ती काही माझी म्हणून आली नव्हती. ताराताईंच्या तोंडाकडे तिला बघवत नव्हतं, म्हणून आली होती. मला परतीचा आनंद झाला होता! माझी मलाच इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"का केलंस अज्जी?" तिने विचारलं. "आजीला कन्नड येत नाही म्हणून?"

"नाही," मी म्हटलं. "तू तिची होशील म्हणून."

ते तिला कळलं की नाही कोण जाणे. तिने पुठ्ठा डब्यात ठेवला, झाकण लावलं आणि डबा माझ्या मांडीवर ठेवून निघून गेली.

मी पदराने तोंड पुसलं आणि उठले. ताराताई जाग्याच होत्या. बॅग पलंगावर उघडी, साड्यांच्या घड्या बाजूला. मी दारातच उभी राहिले, कारण आत जाऊन बसले असते तर धीर सुटला असता.

"ताराताई, सोमवारी सिद्दराजूने मला सांगितलं होतं, लालाखाली राखाडी लागतं. मी तुम्हाला दुसरंच सांगितलं. आणि त्याच्याआधीही मला ठाऊक होतं, ह्यांच्यामुळे. मुद्दाम केलं मी."

त्यांच्या हातात एक घडी होती. ती त्यांनी खाली ठेवली नाही. "का?"

"जळत होते. पोर तुमच्या खांद्यावर कोपर टेकवून बसायला लागली, ते मला बघवेना. तुम्ही एकदा तिच्यासमोर चुकायला हव्या होत्या."

मला वाटलं त्या रडतील, नाहीतर चार शब्द सुनावतील. मी दोन्हींची तयारी करून गेले होते. त्या पलंगाच्या कडेवर बसल्या आणि साडीचा काठ सरळ करू लागल्या.

"वर्षातून दोन महिने येते मी," त्या म्हणाल्या. "तेही बोलावलं तर. उरलेले दहा महिने फोनवर तिचा आवाज ऐकते. मागून तुमचा आवाज येतो, दूध पी, वेणी घालू दे. फोन ठेवल्यावर त्या दिवशी मला कुणाशी बोलावंसं वाटत नाही. जळायचं तुम्हीच एकटीने ठरवलं होतं की काय?"

मी उंबरा ओलांडून आत गेले.

"रंगाचं मनावर घेऊ नका. भिंत पुन्हा होते. पण तुंगाताई, मला इथलं अक्षर कळत नाही. कुणी काही बोललं की मी तुमच्या तोंडाकडे बघत होते. तुम्ही सांगाल ते खरं धरत होते." त्यांनी ती घडी बॅगेत न ठेवता कपाटात ठेवली. "आता कुणाच्या तोंडाकडे बघू?"

संध्याकाळी शशांक आणि वल्लरीसमोर मी सगळं पुन्हा सांगितलं. अन्विता खोटी शपथ घेऊन बसली होती, तिची सुटका करायची तर मोठ्याने सांगायलाच हवं होतं. शशांक उठून गच्चीत गेला.  वल्लरी आपल्या आईच्या शेजारी जाऊन बसली, एवढंच. दोन दिवस माझ्याशी घरात कामापुरतं बोलणं झालं. खाई त्याला खवखवे म्हणतात, तसे ते दोन दिवस गेले.

सोमवारी सिद्दराजू आला. राखाडी प्रायमरचा डबा बघून त्याने माझ्याकडे असं बघितलं, की मी मान खाली घातली. त्या ढगाळ लालावर त्याने राखाडी ओढलं. खोली दोन दिवस पावसाळ्यासारखी दिसत होती. मग लाल. पहिल्याच हाताला भिंत भरली. दुसऱ्या हाताने ती अशी बसली, की ह्यांनी बघितली असती तर खिशातून भिंग काढून नाक लावून बघितली असती आणि म्हणाले असते, "हं, हे अस्तर!"

नवरात्राच्या पहिल्या दिवशी आम्ही तिघींनी पायऱ्या रचल्या. मी कापड घातलं, ताराताईंनी बाहुल्यांची जागा ठरवली, अन्विताने राजा आणि राणी वर ठेवली. ताराताईंचं खरं निघालं. चाळीस वर्षांत ती जर मी अशी बघितली नव्हती. मला तेव्हाही बोचलं, खोटं कशाला सांगू? पश्चात्ताप झाला म्हणून मत्सर बिऱ्हाड हलवत नाही. तो असतोच, जरा मागच्या खोलीत जाऊन बसतो.

संध्याकाळी शेजारची यशस्विनी आली. दारातच थांबली, गालावर हात ठेवला आणि कन्नडमध्ये सुरू झाली. किती सुंदर, किती वर्षं मी तुमच्या बाहुल्या बघते आहे, आज पहिल्यांदा राणीचा चेहरा दिसला, हा रंग सुचला कुणाला?

ताराताईंना एवढंच कळलं, की ती भिंतीबद्दल काहीतरी बोलते आहे. त्यांनी सवयीने माझ्याकडे बघितलं. "काय म्हणताहेत?"

मला सगळं नीट आठवत होतं. एक शब्दही न गाळता मी सांगितलं, "ती म्हणते, किती सुंदर, इतकी वर्षं तुमच्या बाहुल्या बघते आहे, पण राणीचा चेहरा आज पहिल्यांदा दिसला. रंग कुणाला सुचला म्हणून विचारते. मी तिला तुमचं नाव सांगते."

ताराताई हसल्या. फार छान हसतात त्या. मग त्यांनी हळूच अन्विताकडे बघितलं.

अन्विता खाऊचं ताट घेऊन उभी होती. तिने मान हलवली. "हो आजी, खरंच तसंच म्हणाली."